चार हात लांब

तालुक्याच्या केंद्रात गुरुवारी गाईची धार येते, असं त्या भागात सगळेच म्हणायचे. गाय म्हणजे कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत शिशाच्या कोठीत बसवलेली एक कुपी. तिच्यातल्या मॉलिब्डेनमचं आपोआप टेक्नेशियम होत राहायचं. ते पहाटे मिठाच्या पाण्यानं धुऊन घेतलं, की झाली धार काढून. टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. सहा तासांत निम्मं विरतं, पुढच्या सहा तासांत उरलेल्यातलं निम्मं. म्हणून गाडी आली, की त्या आठवड्याच्या सगळ्या माणसांना एकाच सकाळी, एकाच खोलीत बसवून टोचावं लागे. केंद्रातले तंत्रज्ञ बोरगावे दारातच ओरडून सांगायचे, "दूध ताजं आहे, पण नासायला लागलंय. बाह्या वर करा लवकर."

वृषाली वरुटे त्या गुरुवारी उशिरा पोचली. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, आणि सकाळचं प्रात्यक्षिक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता आलं नव्हतं. धावतपळत ती खोलीपाशी आली आणि दाराच्या काचेतून आत बघून थबकली.

आत बाकावर तिचे वडील आणि धाकटा भाऊ संग्राम शेजारी शेजारी बसले होते. वडिलांनी संग्रामच्या खांद्यावरून हात टाकला होता आणि त्याचा मोजणीची पट्टी बांधलेला दंड स्वतःच्या छातीशी ओढून धरला होता. हिंदुराव वरुटे, ज्यांना घरीदारी सगळे आबा म्हणत, हा काही पोरांना कुशीत घेणारा माणूस नव्हता. गुळव्या म्हणून त्यांनी जन्म काढला होता. उसाचा रस उकळत असताना काहिलीशी उभं राहायचं, मळी काढायची, पाक नेमका कधी उतरवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. लहानपणी त्यांचा हात पोरांच्या अंगाला लागायचा तो एकतर काहिलीपासून मागं खेचायला, नाहीतर पाठीत घालायला. आई गेली तेव्हासुद्धा ते कुणाच्या गळ्यात पडले नव्हते. वृषालीला भरून आलं. तिनं दार ढकललं नाही. खाली टपरीवर जाऊन ती चहा घेऊन आली, आणि तोही सावकाश.

आबांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आयुष्यभर वाफेत घाम गाळायचा आणि पाक सोडून पाणी प्यायला हलायचं नाही, याचा हा हिशेब असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, आणि दर महिन्याला आबा थोडे थोडे विझत होते. मूत्रपिंड बसवलं तर आणखी पुष्कळ वर्षं काढतील, असंही डॉक्टरच म्हणाल्या होत्या. वृषालीला कॉलेजात शिकत असल्यापासून मधुमेह. तिचं नाव पहिल्याच प्रश्नाला बाद झालं. राहिला संग्राम. रक्तगट जुळला, पेशी जुळल्या. त्याची मूत्रपिंडं खरोखर किती काम करतात, एवढं मोजायचं बाकी होतं.

हे मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं. पूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन बघून अंदाज बांधत. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. धष्टपुष्ट गड्याच्या रक्तात ते उगीच जास्त दिसतं आणि खंगलेल्या म्हातारीच्या रक्तात उगीच कमी. पैलवानाची निरोगी मूत्रपिंडं आजारी ठरायची, आणि म्हातारीची आजारी मूत्रपिंडं निरोगी. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे मूत्रपिंडालाच एक काम देऊन बघायचं. शरीराला ज्याचा काही उपयोग नाही, जे फक्त मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, असं एक द्रव्य घ्यायचं. त्याला टेक्नेशियमचा कण बांधायचा, म्हणजे ते जिथं जाईल तिथून गॅमा किरण फेकत राहतं. ते शिरेत टोचायचं आणि रक्तातून किती वेगानं नाहीसं होतं ते बघायचं. पूर्वी यासाठी मोठ्या शहरात जाऊन खोलीएवढ्या कॅमेऱ्याखाली झोपावं लागायचं, नाहीतर दर तासाला रक्त द्यावं लागायचं. मग मनगटी घड्याळाएवढा स्फटिक बसवलेली पट्टी आली. दंडाला बांधली, की आतून येणारे किरण ती मोजत राहते आणि चार तासांत एक रेघ काढते. रेघ झपाझप खाली उतरली तर मूत्रपिंडं उत्तम. रेंगाळली तर आजारी. टेक्नेशियम आपलं आपण विरतं, त्याचा हिशेब पट्टी वेगळा धरते.

त्या रेघेवरून जो आकडा निघे त्याला लोक 'गाळण' म्हणू लागले होते. पट्टी स्वस्त झाल्यापासून गाळण कुठं कुठं पोचली होती याला धरबंद नव्हता. विम्याला गाळण, भरतीला गाळण, लग्नाच्या माहितीपत्रकात उंचीच्या खाली गाळण. गुऱ्हाळांच्या विमा कंपनीनंही नियम काढला होता, की साठाच्या खाली गाळण असलेला माणूस काहिलीशी उभा करायचा नाही. आणि मूत्रपिंड देणाऱ्याची गाळण ऐंशीच्या वर हवी.

संग्रामची सत्तावन्न आली.

आकडा तिघांच्याही फोनवर एकदमच उमटला. त्याच्याखाली सूचना होती, की हा दाता अपात्र असून त्याची फेरतपासणी वर्षभरानं करता येईल. संग्रामनं ते दोनदा वाचलं आणि बोरगाव्यांना विचारलं, "सत्तावन्न म्हणजे मी आजारी आहे?" बोरगावे नेहमीसारखी थट्टा करायला गेले, पण जमली नाही. आबा शर्टाची बाही खाली करत होते. चला, म्हणाले, एसटी चुकेल.

त्यानंतरचे महिने वृषालीला आठवायचे तेव्हा तिच्या डोळ्यासमोर भावाचं ताट यायचं. मीठ नसलेली भाजी, मोजून वाढलेली डाळ. मयुरी, त्याची बायको, फोनवर वाचून वाचून रोज एक पदार्थ बंद करायची. ज्या गुऱ्हाळावर आबांच्या हाताखाली तयार होऊन तो गुळव्या झाला होता, तिथल्या मालकानं हंगाम सुरू होण्याआधीच त्याला हात जोडले. तुझ्याबद्दल काही नाही बाबा, पण विमा रद्द होतो. मग संग्राम दूध संघाच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर बघू लागला. धिप्पाड गडी, कुस्तीचा नाद असलेला, पण जिना चढला तरी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. त्याची मुलगी वर्षाची व्हायची होती. तिला मांडीवर घेऊन तो तासन् तास नुसता बघत बसायचा. मयुरीनं एकदा हळूच वृषालीला सांगितलं, की हे मला म्हणतात, आबांसारखं माझं झालं तर तू माहेरी जा, माझ्यामागं फरपटू नको.

वृषाली चिडायची, पण कुणावर चिडायचं ते कळायचं नाही. केंद्रात फोन केला, की आकडा यंत्राचा आहे म्हणत. वरच्या कार्यालयात फोन केला, की यंत्राचा आकडा माणसानं बदलायचा नसतो म्हणत. डायलिसिसच्या खुर्चीत आबा शांतपणे छताकडे बघत पडलेले असत. त्यांची ती शांतता तिला सगळ्यांत जास्त टोचायची. माणूस मरायला लागलाय आणि पोरगा आजारी ठरलाय, तरी ह्यांचं आपलं बरं चाललंय.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तिसऱ्या वर्षाची मुलं प्रात्यक्षिक करत होती. किरणोत्सारी ठिपका काउंटरपासून लांब लांब नेत जायचं आणि मोजणी कशी घटते ते आलेखावर मांडायचं. एका गटाची मोजणी घटतच नव्हती. ठिपका टेबलाच्या टोकाला नेला तरी रेघ थोडी उतरून आडवी व्हायची. मुलं काउंटरला शिव्या घालत होती. वृषालीनं टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि खालचा खण उघडला. आधीच्या गटानं आपला ठिपका तिथंच टाकलेला होता, काउंटरच्या बरोब्बर खाली.

ती तो खण धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. मॅडम, काय झालं, असं कुणीतरी विचारलं.

त्या गुरुवारी आबांनाही टोचलं होतं. मूत्रपिंड बसवण्याआधी रोग्याचं स्वतःचं थोडंफार काम उरलंय का तेही मोजायचा नियम होता. आबांची मूत्रपिंडं तर बंदच. म्हणजे त्यांच्या अंगातलं द्रव्य चार तास जागचं हललंच नव्हतं. संग्रामच्या रक्तातून ते झपाझप बाहेर पडत होतं, आणि त्याच्या पट्टीला चिकटून बसलेला बाप मात्र तसाच किरण फेकत होता. पट्टीला काय कळतंय, किरण दंडातून आला की शेजारच्या छातीतून. पट्टीनं दोन्ही एकत्र मोजले. तिच्या बाहेरच्या अंगाला शिशाचा पातळ पापुद्रा असतो. पण तो चार हातांवर बसलेल्या माणसाला पुरतो, कुशीत घेणाऱ्याला नाही.

तिनं बोरगाव्यांना फोन लावला. ते म्हणाले, "टोचलेली माणसं चार हात लांब बसवायची, हा पहिला धडा आहे, मॅडम. मी स्वतः दोघांना दोन भिंतींना बसवलं होतं, मग बाहेरच्या कामाला लागलो. तुमच्या वडिलांनी तर मला दोनदा विचारून घेतलं, की जवळ बसलं तर काय होतं. मला वाटलं, जाणता माणूस आहे, कुतूहल असणारच."

संध्याकाळी ती थेट डायलिसिसला गेली. आबांच्या हातातून निघालेल्या दोन नळ्या यंत्रात शिरल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतला माणूस घोरत होता. वृषालीनं स्टूल ओढलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. खण, ठिपका, रेघ. वाटेत तिनं मनाशी एक पळवाट ठेवली होती, की म्हाताऱ्या माणसाला पोराची माया आली असेल, नकळत जवळ सरकला असेल. तसं ते म्हणाले असते तर तिनं ते मानलंही असतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"बोरगाव्यानं सांगितलं होतं न्हवं, लांब बसा म्हणून," आबा म्हणाले. "म्हणून तर जवळ बसलो."

आबांनीच मग थांबत थांबत सांगितलं. पोरगा नाही म्हणू शकला नसता. बापाला नाही कसं म्हणायचं. त्याची बायको तोंड मिटून रडत होती, ते त्यांनी बघितलं होतं. आपण नको म्हटलं असतं तर वृषालीनं, डॉक्टरनं, भावकीनं, सगळ्यांनी मिळून समजूत घातली असती आणि शेवटी आपण हो म्हटलं असतं, कारण जगायचं कुणाला नको असतं. तेव्हा यंत्रानंच नाही म्हटलेलं बरं.

"दोन मूत्रपिंडं होती तरी काहिलीपाशी माझी ही गत झाली," ते म्हणाले. "एकावर त्यानं किती हंगाम काढायचे, सांग की. तू शिकलेली हैस."

"पण तो काहिलीपाशी जातोय कुठं? तुमच्यामुळं त्याला गुऱ्हाळ बंद झालंय. गेटवर बसतोय तो."

"वर्षानं परत तपासतील. तवर मी नसंन. आकडा चांगला येईल, लागंल कामाला."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू पुढच्या हंगामाचा ऊस ठरवत होते. वृषालीला त्यांच्या हातातल्या नळ्या उपसून काढाव्यात असं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाशी बसून रडावं असंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती म्हणाली, की तो रोज मरतोय, आबा. बायकोला माहेरी जा म्हणतोय. बारक्या पोरीकडं बघून रडतोय. तुम्ही त्याला वाचवलं नाही, आजारी करून ठेवलंत. त्यावर मात्र आबांनी मान फिरवली. हे त्यांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं, ते तिला दिसलं. पण फेरतपासणीला सही देता का विचारल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. सही दिली, की आकडा वर जाणार. आकडा वर गेला, की पोरगं टेबलावर जाणार.

डॉक्टर मेहजबीन मुल्लांकडे तिनं दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं नेलं. मुल्ला आबांवर सुरुवातीपासून उपचार करत होत्या. वृषालीनं आलेख काढून दाखवला. त्यांना तो एका नजरेत पटला, आणि तरी काही झालं नाही. जोडीची तपासणी रोग्याच्या संमतीशिवाय पुन्हा उघडता येत नाही. रोगी शुद्धीवर आहे, समजदार आहे, नको म्हणतोय. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं सांगू? पूर्वी हे काम आम्ही करायचो," त्या म्हणाल्या. "देणाऱ्याला एकट्याला आत घ्यायचं, दार लावायचं आणि विचारायचं, मनापासून देतोयस का. नाही म्हणाला, की बाहेर येऊन घरच्यांना सांगायचं, जुळत नाही. एवढंच. कुणी विचारायचं नाही, काय जुळत नाही. आता आकडा थेट सगळ्यांच्या फोनवर. माझ्याकडे कुणी दार लावून बसतच नाही."

मग मी काय करू, असं वृषालीनं विचारलं. मुल्ला म्हणाल्या, तुमच्या भावाला स्वतःपुरती तपासणी करून घ्यायला कुणाची सही लागत नाही. खासगीत करा, आकडा त्याच्या एकट्याच्या फोनवर येईल. पण त्यानंतर काय, ते आधी ठरवून ठेवा.

वृषालीनं ठरवलं नाही. ठरवण्यासारखं तिला काही दिसलंच नाही. भाऊ निरोगी निघणार, आबा वाचणार, ओरडले तर ओरडतील. आपला बाप आपल्या डोळ्यादेखत संपतोय आणि त्याला लागणारी वस्तू घरातच आहे, यात ठरवायचं काय.

संग्रामला तिनं एवढंच सांगितलं, की यंत्र चुकू शकतं, परत बघू. तो यायला तयार नव्हता. सत्तावन्नाचे पन्नास झाले असले तर मला कळायला नको, म्हणाला. शेवटी मयुरीनं मुलीला शेजारी ठेवलं आणि त्याला गाडीत बसवलं. सांगलीच्या केंद्रात त्या दिवशी तिघंच टोचून घेणारे होते, आणि वृषालीनं संग्रामला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं. चार तास ती दाराशी राखण करत उभी राहिली. कुणी जवळून गेलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. संग्राम लांबून खुणेनं विचारत होता, एवढं काय.

समोरच्या हॉटेलात मिसळ मागवून ते बसले असताना फोन वाजला. संग्रामनं तो उलटा टेबलावर ठेवला. मयुरीनं उचलला. एकशे सहा.

तिनं तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. संग्राम आधी नुसताच बघत राहिला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तिखट रश्श्याची वाटी तोंडाला लावली. महिनोन् महिने त्यानं मिठाला हात लावला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते रश्श्याचं की कशाचं ते कळत नव्हतं. वेटरला हाक मारून त्यानं आणखी दोन पाव मागवले. "आक्का, मी गेटवर गाड्या मोजत बसलोय गं," तो म्हणाला. "बैलासारखा गडी मी." वृषाली पण हसली. पहिल्यांदाच सगळं सरळ झाल्यासारखं वाटलं.

आणि मग त्याचा हात ताटातच थांबला.

तिनं त्याच्या चेहऱ्यावर ते येताना बघितलं. जो हिशेब तिनं कितीतरी आधीच केला होता, तो आत्ता त्याच्यापाशी पोचत होता. आपण ठणठणीत आहोत. म्हणजे आपण पात्र आहोत. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, बहिणीकडंही नाही. फोनकडं बघितलं, आणि ओठ पुसले.

"म्हणजे आता मी आबांना..." एवढं म्हणून तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "देतो की. द्यायलाच पायजे."

त्याच्या आवाजात नकार नव्हता. असता तर वृषाली त्याच्याशी भांडली असती. भांडायची तिची पूर्ण तयारी होती, वाक्यंसुद्धा तयार होती. पण त्या आवाजात कुणीतरी मानगूट धरून उभं केलेल्या माणसाचं आज्ञाधारकपण होतं. टेबलाखाली मयुरीनं पदराचं टोक मुठीत धरून पिळा घातला होता. आबांनी हेच बघितलं होतं, सगळ्यांच्या आधी, आणि बघून ते उठून पोराशेजारी जाऊन बसले होते.

"नाही," वृषाली म्हणाली. "आता तसं राहिलं नाही. आबांच्या हृदयाला भूल झेपणार नाही. डॉक्टर मुल्लांनी मला स्पष्ट सांगितलंय."

तिला स्वतःलाच आपला आवाज परका वाटला.

"कधी सांगितलं?"

"परवा. तुला आधीच काळजी होती, म्हणून बोलले नाही."

"खरं म्हणतीस?"

"मी कशाला खोटं सांगू."

संग्रामनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि तो रडला. बापासाठी रडला आणि सुटला म्हणूनही रडला, आणि सुटका झाल्याचं आपल्याला बरं वाटतंय याचीही त्याला लाज वाटत होती. हे सगळं वृषालीला दिसत होतं आणि त्यातलं काहीच तिला त्याला सांगता येत नव्हतं. मयुरी मात्र रडली नाही. ती वृषालीकडे एकटक बघत होती. मग तिनं स्वतःच्या ताटातला पाव उचलून तिच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "खा ताई. तुमच्या गोळीची वेळ झाली."

बाहेर येऊन तिनं मुल्लांना फोन केला. हॉटेलात त्यांच्या नावानं काय सांगितलं ते कळवलं. मग त्या म्हणाल्या, की तसं मी कागदावर लिहून देणार नाही. पण माझ्यासमोर कुणी म्हटलं तर खोडूनही काढणार नाही.

आबांना सांगायला ती गेली तेव्हा त्यांना नुकतंच खुर्चीतून उठवून खाटेवर निजवलं होतं. ती काय काय बोलायचं ठरवून गेली होती. तुम्ही मला तुमच्यासारखं खोटं बोलायला लावलंत. तुम्ही पोराला वाचवलंत, मग माझ्या वडिलांना कुणी वाचवायचं. पण आबांनी तिला बोलूच दिलं नाही.

"कितीवर आली?" त्यांनी विचारलं.

"एकशे सहा."

त्यांनी मान हलवली. उत्तम रंगाची ढेप साच्यातून निघाल्यावर हलवायचे तशी. मग म्हणाले, चुलवाण नवीन बांधून घ्यायला सांग त्याला, वाफ अंगावर येती ती वर गेली पायजे. आणि पाणी पीत जा म्हणावं. एवढं बोलून त्यांना डुलकी लागली. ती तशीच उभी राहिली, तयार केलेली सगळी वाक्यं घेऊन. त्यातलं एकही वाक्य पुढं कधी कामाला आलं नाही.

नव्या आकड्यावर गुऱ्हाळाच्या मालकानं संग्रामला परत बोलावलं. हंगाम उतरणीला लागला तेव्हा एका दुपारी आबा गेले. सकाळी डायलिसिस झालं होतं, जेवण झालं होतं. झोपेतच गेले.

बारा दिवस घरी भेटायला माणसं येत होती. गुऱ्हाळवाले, भावकीतले, आबांच्या हातचा गूळ नेणारे व्यापारी. अंगणात सतरंजीवर संग्राम बसायचा, डोकं भादरलेला, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगायचा. हृदयच साथ देईना हो. नाहीतर मी द्यायला तयार होतो. माझी गाळण एकशे सहा आहे. लोक माना डोलवायचे. पोटचं पोरगं असावं तर असं, असं एकजण म्हणाला.

वृषाली उंबऱ्याशी बसून हे रोज ऐकायची. तो सांगताना कुठं अडखळतो का, ते ती कान देऊन ऐकायची. पण तो अडखळायचा नाही. कदाचित त्यानं खरंच दिलं असतं. हॉटेलातल्या त्या टेबलावर तिनं आणखी जरा थांबून बघितलं असतं तर मान वर करून, स्वतःच्या मनानं, त्यानं हो म्हटलं असतं, आणि आबा आत्ता आत खाटेवर कुरकुरत असते. किंवा नसतेही. हे तिला कुणालाच विचारता येणार नव्हतं, त्याला तर नाहीच.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याचा मुलगा आला. तो औषधाच्या दुकानात कामाला होता आणि त्याला सगळं नीट समजून घ्यायचं होतं. हृदयाला नेमकं काय झालं होतं, ते भूल झेपणार नाही असं कशावरून ठरलं, असं तो विचारत बसला. संग्रामला ते सांगता येईना. त्यानं मागं वळून बघितलं.

"आक्का, डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. सांग की ह्याला."

वृषालीनं पदर सावरला, उंबऱ्यावरून उठून ती सतरंजीच्या कडेला येऊन बसली, आणि वडिलांच्या हृदयाविषयी, ते किती आकुंचन पावत होतं आणि झडपा कशा झिजल्या होत्या ते, वर्गात शिकवावं तसं, त्याला पहिल्यापासून समजावून सांगू लागली.